खाली वेबकॅमचा व्हिडिओ, वर चेहऱ्यावरचा इफेक्ट: ब्राउझरमधल्या एआरमध्ये दोन्ही थर जुळवायचे कसे

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिअॅलिटी, खऱ्या चित्रावर आपलं चित्र चढवणं. ब्राउझरमध्ये चेहऱ्यावर चष्मा, टोपी किंवा लिपस्टिक दाखवणाऱ्या पानात मुळात दोनच गोष्टी असतात. खाली वेबकॅमचा चालू व्हिडिओ आणि वर आपण काढलेलं चित्र. चेहरा शोधण्याचं अवघड काम तयार लायब्ररी करून देतात. मीडियापाइप या गूगलच्या लायब्ररीचं फेस लँडमार्कर एका चेहऱ्यावर ४७८ बिंदू देतं, त्यातले ४६८ चेहऱ्याचे आणि १० बुबुळांचे. तरीही पहिल्यांदा पान उघडल्यावर अनेकांना काळ्या पडद्यावर तरंगणारा चष्मा दिसतो, किंवा चष्मा डोळ्यांवर न बसता गालाकडे सरकलेला असतो, किंवा मान उजवीकडे वळवली की तो डावीकडे पळतो.

यात ट्रॅकिंगची, म्हणजे चेहऱ्याचा माग ठेवण्याची, चूक क्वचितच असते. खालचा व्हिडिओ आणि वरचं चित्र यांचं एकमेकांशी जुळलेलं नसतं, एवढंच. दोघांचं माप एक असावं लागतं, दिशा एक असावी लागते आणि दोघांनी दाखवलेला क्षणही एकच असावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी तासाभरात जमतात. तिसरी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते आणि इफेक्ट खरा वाटतो की चिकटवलेला, हे बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतं.

आधी कॅमेऱ्याचं चित्र पानावर आणू

कॅमेरा मागण्यासाठी ब्राउझरमध्ये 'गेट-यूजर-मीडिया' हे फंक्शन आहे. ते फक्त सुरक्षित पानावर चालतं, म्हणजे पत्ता एचटीटीपीएसचा हवा किंवा पान स्वतःच्या संगणकावरच्या लोकलहोस्टवरून उघडलेलं हवं. लॅपटॉपवर लोकलहोस्टने सगळं नीट चालतं. मग तेच पान फोनवर तपासायला घरच्या नेटवर्कचा आयपी पत्ता टाकला की कॅमेऱ्याचं अख्खं ऑब्जेक्टच 'अनडिफाइन्ड' येतं. कारण हेच, पत्ता साध्या एचटीटीपीचा आहे. पान दुसऱ्या साइटच्या पानातल्या आयफ्रेममध्ये (पानातल्या पानाच्या चौकटीत) बसवलं असेल, तर त्या आयफ्रेमच्या 'अलाउ' गुणधर्मात कॅमेऱ्याला परवानगी लिहावी लागते. नाहीतर वापरणाऱ्याला विचारणाच होत नाही, थेट नकार येतो.

मागणी करताना रुंदी आणि उंची 'आयडियल' म्हणून सांगावी, 'एक्झॅक्ट' म्हणून नको. 'एक्झॅक्ट' म्हटलं आणि कॅमेऱ्याकडे ते माप नसलं तर 'ओव्हरकन्स्ट्रेन्ड' त्रुटी येते आणि हाती काहीच लागत नाही. १२८०×७२० पुरेसं आहे. चेहऱ्याचं जाळं काढणारं मीडियापाइपचं मॉडेल आत चेहऱ्याचा तुकडा २५६×२५६ पिक्सेलवर आणूनच काम करतं, त्यामुळे फोर-के व्हिडिओ मागून ट्रॅकिंग सुधारत नाही. फक्त प्रत्येक फ्रेम हलवण्याचा खर्च वाढतो. मोठं माप मागायचंच असेल तर ते बघणाऱ्याला चित्र स्वच्छ दिसावं म्हणून.

नकाराचे प्रकार वेगळे ओळखून वेगळे संदेश द्यावेत. 'नॉट-अलाउड' म्हणजे परवानगी नाकारली, 'नॉट-फाउंड' म्हणजे कॅमेराच नाही, 'नॉट-रीडेबल' म्हणजे बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने कॅमेरा धरून ठेवला आहे. तिघांनाही 'काहीतरी चुकलं' म्हणून दाखवलं, तर वापरणाऱ्याला पुढे काय करावं ते कळत नाही.

स्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याचा वाहता व्हिडिओ, मिळाला की तो व्हिडिओ घटकाच्या 'सोर्स-ऑब्जेक्ट'ला जोडायचा. व्हिडिओ घटकावर तीन गुणधर्म हवेतच: ऑटोप्ले, म्यूटेड आणि प्लेज-इनलाइन. शेवटचा विसरला तर आयफोनवर व्हिडिओ आपल्या मांडणीतून बाहेर पडून पूर्ण पडदा व्यापायला बघतो आणि वरचा इफेक्ट मागेच राहतो. सुरुवात एखाद्या बटणाच्या टॅपवरून करावी. परवानगी का मागितली जाते आहे हे वापरणाऱ्याला समजतं, आणि आपोआप चालू होण्यावरचे ब्राउझरचे निर्बंधही आड येत नाहीत.

व्हिडिओचं खरं माप 'लोडेड-मेटाडेटा' ही घटना घडल्यावरच कळतं. त्याआधी 'व्हिडिओ-विड्थ' शून्य असते, आणि त्या शून्यावरून कॅनव्हासचं, म्हणजे इफेक्ट काढायच्या पाटीचं, माप ठरवलं की पुढचं सगळं गणित कोसळतं. आपण मागितलेलं माप मिळेलच असंही धरू नये. फोन उभा धरला असेल तर १२८०×७२० मागूनही ७२०×१२८० येऊ शकतं. माप नेहमी प्रत्यक्ष व्हिडिओला विचारून घ्यावं.

दोन थर एकमेकांवर

सर्वांत सरळ मांडणी अशी: एक पेटी, तिच्या आत खाली व्हिडिओ आणि वर पारदर्शक कॅनव्हास. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) पेटीला 'पोझिशन: रिलेटिव्ह', 'ओव्हरफ्लो: हिडन' आणि 'आयसोलेशन: आयसोलेट' द्यायचं. आतल्या दोघांना 'पोझिशन: अॅब्सोल्यूट', 'इनसेट: ०', रुंदी आणि उंची १०० टक्के.

'आयसोलेट'चं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. माइंड-एआर आणि एआर-जेएस या दोन्ही लायब्ररी व्हिडिओला झेड-इंडेक्स (थरांचा क्रम सांगणारा आकडा) उणे २ देतात. उणे झेड-इंडेक्सचा घटक आपल्या जवळच्या स्टॅकिंग संदर्भाच्या, म्हणजे ज्या गटात थरांचा क्रम लागतो त्याच्या, तळाशी जातो. पेटीने स्वतःचा संदर्भ तयार केला नसेल, तर व्हिडिओ पेटीच्याही मागे, थेट पानाच्या तळाशी जाऊन बसतो. मधल्या कुठल्याही घटकाला पार्श्वरंग असला की तो व्हिडिओ झाकून टाकतो. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला आहे, इफेक्ट हलतो आहे, पण मागे नुसता पांढरा रंग, अशी तक्रार आली तर पहिला संशय इथे घ्यावा. पेटीवर 'आयसोलेट' लिहिलं की व्हिडिओ पेटीच्या आतच राहतो.

दुसरा संशय कॅनव्हासवर घ्यावा. थ्री-जेएस या त्रिमितीय चित्रं काढणाऱ्या लायब्ररीचा रेंडरर (प्रत्यक्ष चित्र काढणारा भाग) मुळात अपारदर्शक असतो. तो तयार करतानाच 'अल्फा: ट्रू' द्यावं लागतं, नंतर बदलता येत नाही. साफ करण्याच्या रंगाची अपारदर्शकता शून्य हवी आणि सीनला पार्श्वभूमी दिलेली नको. एवढं करूनही व्हिडिओ गायब असेल तर पोस्ट-प्रोसेसिंग तपासा. चमक वाढवणारा ब्लूमसारखा पास अंतिम चित्रातली पारदर्शकता पुसून टाकतो, आणि काल चालणारं पान आज काळं दिसतं.

दोष कुठल्या थरात आहे हे शोधायला एक झटपट चाचणी आहे. डेव्हलपर टूल्समध्ये कॅनव्हासला 'डिस्प्ले: नन' द्या. खाली व्हिडिओ दिसला तर चूक कॅनव्हासच्या पारदर्शकतेत. नाही दिसला तर चूक व्हिडिओत किंवा थरांच्या क्रमात. या एका चाचणीने अंदाजाने कोड बदलत बसण्याचा बराच वेळ वाचतो.

माप: छाटणी दोघांची सारखी हवी

पेटीचं गुणोत्तर आणि व्हिडिओचं गुणोत्तर सहसा सारखं नसतं. व्हिडिओ पेटीभर पसरावा म्हणून आपण 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर' लावतो, आणि त्याच्या कडा छाटल्या जातात. ट्रॅकिंगला मात्र ही छाटणी माहीत नसते. तिला पूर्ण फ्रेम मिळते आणि ती प्रत्येक बिंदूचं स्थान ० ते १ या मापात, पूर्ण फ्रेमच्या हिशोबाने देते.

आकड्यांत पाहू. १२८०×७२० चा व्हिडिओ १०००×१००० च्या चौकोनी पेटीत 'कव्हर'ने बसवला. मोठेपणाचा गुणक निघतो १००० भागिले ७२०, म्हणजे सुमारे १.३८९. व्हिडिओची रुंदी होते १७७८ पिक्सेल. पेटी १००० चीच असल्यामुळे दोन्ही बाजूंना सुमारे ३८९ पिक्सेल कापले जातात. आता एखादा बिंदू आडव्या दिशेत ०.४ वर आहे. त्याला नुसतं पेटीच्या रुंदीने गुणलं तर उत्तर ४००. खरं स्थान मात्र ०.४ गुणिले १७७८ वजा ३८९, म्हणजे ३२२. इफेक्ट ७८ पिक्सेल चुकला.

हीच चूक मध्यभागी दिसत नाही, कारण ०.५ ला दोन्ही हिशोबांचं उत्तर ५०० च येतं. तपासणारा माणूस कॅमेऱ्यासमोर बरोबर मध्ये बसलेला असतो, त्याला सगळं नीट वाटतं. म्हणून तपासताना चेहरा मुद्दाम चौकटीच्या कडेला न्यावा, चारही कोपऱ्यांत फिरवावा. इफेक्ट मध्ये बरोबर आणि कडेला सरकलेला असेल तर ट्रॅकिंगचे आकडे चाळत बसू नका, छाटणीचा हिशोब बघा.

हे गणित टाळण्याचीही वाट आहे आणि आमच्या मते तीच पहिल्यांदा घ्यावी. 'ऑब्जेक्ट-फिट' कॅनव्हासलाही लागू होतं. कॅनव्हासच्या आतल्या पिक्सेलचं माप व्हिडिओच्या मापाएवढं ठेवा आणि दोघांनाही सीएसएसमधून 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर' द्या. दोघांची छाटणी ब्राउझरच तंतोतंत सारखी करतो. कॅनव्हासवर काढताना ०.४ ला सरळ १२८० ने गुणायचं. थ्री-जेएस वापरत असाल तर 'सेट-साइज'ला तिसरा पर्याय 'फॉल्स' द्या, नाहीतर तो कॅनव्हासवर स्वतःची पिक्सेलमधली रुंदी आणि उंची लिहितो आणि तुमचं १०० टक्के निकामी होतं.

कॅनव्हासला दोन मापं असतात हे यात गृहीत आहे. एक आतल्या पिक्सेलचं, दुसरं पडद्यावरचं. आतलं माप दिलंच नाही तर ते ३००×१५० धरलं जातं. इफेक्ट धूसर किंवा आडवा ताणलेला दिसला तर कारण बहुधा हेच. चष्म्याच्या कडा रेखीव हव्या असतील तर आतलं माप व्हिडिओच्या दीडपट किंवा दुप्पट ठेवायला हरकत नाही, फक्त गुणोत्तर तेच राहू द्यावं. फोनचं पिक्सेल गुणोत्तर ३ असलं तरी २ च्या वर जाऊ नये. ३ म्हणजे नऊपट पिक्सेल, आणि तिथे फोन तापायला लागतो.

दिशा: आरसा एकदाच लावा

समोरच्या कॅमेऱ्यात माणसाला स्वतःला आरशातल्यासारखं पाहायची सवय असते, म्हणून चित्र उलटवतात. नियम साधा आहे: उलटवणं बाहेरच्या पेटीवर, एकदाच, सीएसएसच्या 'स्केल-एक्स उणे १' ने करावं. व्हिडिओ आणि कॅनव्हास दोन्ही एकत्र उलटतात आणि आतलं गणित सरळच राहतं. फक्त व्हिडिओ उलटवला तर इफेक्ट विरुद्ध बाजूला पळतो. व्हिडिओ सीएसएसने आणि बिंदू कोडमध्ये 'एक वजा क्ष' करून उलटवले तरी चालतं, पण मग पुढे प्रत्येक नव्या इफेक्टला तेच आठवणीने करावं लागतं, आणि एके ठिकाणी ते राहून जातं.

ट्रॅकिंगला नेहमी मूळ, न उलटवलेली फ्रेम द्यावी. उलटवलेली दिली तर डावा डोळा मिटल्याचं माप उजव्याच्या नावाने येतं. त्रिमितीय सीनचा कॅमेरा उणे गुणकाने उलटवण्याचा मोहही टाळावा. त्रिकोणांची फिरण्याची दिशा बदलते, समोरची बाजू मागची ठरते आणि वस्तू आतून बाहेर काढल्यासारख्या दिसतात.

पेटी उलटवल्याने टोपीवरची अक्षरंही उलटतात. ती वाचता यायला हवी असतील तर फक्त त्या अक्षरांचं टेक्श्चर (वस्तूवर चिकटवलेलं चित्र) आधीच उलटं करून ठेवावं. बटणं आणि सूचना पेटीच्या बाहेर ठेवाव्यात. मागचा कॅमेरा चालू असेल तेव्हा आरसा काढून टाकावा. कुठला कॅमेरा मिळाला हे स्ट्रीममधल्या व्हिडिओ ट्रॅकच्या 'गेट-सेटिंग्ज'मधल्या 'फेसिंग-मोड'वरून कळतं. लॅपटॉपवर ते कधी रिकामं येतं, तेव्हा समोरचाच धरावा.

त्रिमितीय वस्तू: दोन कॅमेऱ्यांची नजर सारखी हवी

सपाट स्टिकरला बिंदूंची स्थानं पुरतात. चष्मा, हेल्मेट, शिंगं यांना डोकं किती वळलं आणि किती लांब आहे हेही लागतं. फेस लँडमार्करला चेहऱ्याचं रूपांतर मॅट्रिक्स (जागा आणि वळण सांगणारा आकड्यांचा तक्ता) मागता येतं. ते ४×४ चं असतं, एकक सेंटिमीटर, आणि त्यावरून चेहऱ्याच्या ठरावीक नमुन्याची जागा कळते.

हे मॅट्रिक्स एक काल्पनिक कॅमेरा गृहीत धरून काढलेलं असतं: उभ्या दिशेतला दृष्टिकोन ६३ अंश, जवळची मर्यादा १ आणि लांबची १०,००० सेंटिमीटर. थ्री-जेएसच्या उदाहरणांतला ७५ किंवा ५० अंशांचा कॅमेरा तसाच ठेवला तर डोकं सरळ असताना चष्मा थोडा लहान किंवा मोठा दिसतो, आणि चेहरा कडेला गेला की घसरतो. मग लोक मॉडेलचा आकार हाताने वाढवतात, जागा थोडी सरकवतात आणि एका अंतरावर सगळं जुळवून घेतात. दुसऱ्या अंतरावर ते पुन्हा बिघडतं. आकाराला हात लावण्याआधी कॅमेरा ६३ अंशांचा करा, त्याचं गुणोत्तर व्हिडिओचं ठेवा आणि मूळबिंदूवर न फिरवता बसवा. मॅट्रिक्स वस्तूच्या गटाला थेट द्या आणि त्या गटाचं आपोआप मॅट्रिक्स काढणं बंद करा, नाहीतर थ्री-जेएस पुढच्याच रेंडरला ते पुसून स्वतःचं लिहितो.

वर सांगितल्याप्रमाणे छाटणी सीएसएसवर सोपवली असेल तर इथे आणखी काही करावं लागत नाही. कॅनव्हास पेटीच्याच मापाचा ठेवला असेल आणि व्हिडिओची उंची कापली जात असेल, तर दृष्टिकोनही कमी करावा लागतो, आणि तो सरळ गुणाकाराने होत नाही. उंचीचा ७५ टक्के भाग दिसत असेल तर ६३ च्या निम्म्या कोनाचा टॅन्जन्ट घ्या, त्याला ०.७५ ने गुणा, त्यावरून कोन परत काढा आणि दुप्पट करा. उत्तर सुमारे ४९.४ अंश येतं. नुसत्या गुणाकाराचं ४७.२५ चुकीचं आहे. फक्त रुंदी कापली जात असेल तर उभा दृष्टिकोन तसाच ठेवून गुणोत्तर पेटीचं द्यायचं.

चष्म्याच्या काड्या कानामागे लपल्या नाहीत तर सगळा परिणाम वाया जातो. त्यासाठी डोक्याच्या आकाराचं एक अदृश्य जाळं ठेवतात. त्याच्या मटेरियलचं 'कलर-राइट' बंद आणि 'डेप्थ-राइट' चालू ठेवायचं, आणि ते इफेक्टच्या आधी काढलं जाईल असा क्रम द्यायचा. जाळं रंग उमटवत नाही, पण खोलीची नोंद करतं. त्यामुळे मागची काडी तिथे काढलीच जात नाही आणि त्या जागी खालचा व्हिडिओ दिसतो. चेहऱ्याचं जाळं कानांच्या पुढेच संपतं, म्हणून मागे लांबट, डोक्यासारखा आकार वेगळा जोडावा लागतो. तो प्रत्यक्ष डोक्यापेक्षा किंचित लहान ठेवावा. मोठा झाला तर चष्म्याची पुढची चौकटसुद्धा जागोजागी खाल्ली जाते.

क्षण: इफेक्ट मागे का पडतो

सेकंदाला ३० फ्रेम देणाऱ्या कॅमेऱ्यात एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते. ट्रॅकिंगला उपकरणाप्रमाणे काही मिलिसेकंद ते काही दहा मिलिसेकंद लागतात. दोन थरांच्या मांडणीत व्हिडिओ घटक कुणासाठी थांबत नाही. आपण पहिल्या फ्रेमचा हिशोब संपवून चष्मा काढतो, तोवर खाली दुसरी किंवा तिसरी फ्रेम आलेली असते. नाक पडद्यावर सेकंदाला ६०० पिक्सेल वेगाने सरकत असेल आणि उशीर ५० मिलिसेकंदांचा असेल, तर चष्मा ३० पिक्सेल मागे राहतो. डोकं थांबलं की तो परत जागेवर येतो. मान हलवली की चष्मा चेहऱ्यावर तरंगतो असं जे जाणवतं, ते हेच.

यावर पहिली चूक सगळे करतात ती अधिक गुळगुळीतपणाची. थरथर कमी करणारा फिल्टर वाढवला की उशीर आणखी वाढतो. फिल्टर लागतोच, पण वेगानुसार बदलणारा असावा. २०१२ मध्ये मांडलेला वन-यूरो फिल्टर यासाठी चांगला आहे. डोकं स्थिर असताना तो जोरात गुळगुळीत करतो, वेग वाढला की सैल सोडतो. डोकं स्थिर असताना थरथर दिसली तर त्याची किमान कटऑफ फ्रिक्वेन्सी कमी करायची, हलताना इफेक्ट मागे पडला तर बीटा वाढवायचा. मीडियापाइप स्वतःही गुळगुळीत करतं, पण चेहऱ्यांची कमाल संख्या १ ठेवली असेल तेव्हाच. ती २ केल्यावर अचानक थरथर सुरू झाली तर गोंधळून जाऊ नका.

खरा उपाय म्हणजे ज्या फ्रेमवर हिशोब केला तीच फ्रेम दाखवणं. त्यासाठी व्हिडिओ घटक पडद्यावर न ठेवता त्याची फ्रेम कॅनव्हासमध्येच पार्श्वभूमी म्हणून काढायची. क्रम असा. नवी फ्रेम आली की 'रिक्वेस्ट-व्हिडिओ-फ्रेम-कॉलबॅक' आपल्याला कळवतो. लगेच ती फ्रेम एका लपलेल्या कॅनव्हासवर उतरवून घ्या. ट्रॅकिंगला तीच प्रत द्या. निकाल आला की तीच प्रत पार्श्वभूमीला काढा आणि वर इफेक्ट. आता चित्र आणि इफेक्ट एकाच क्षणाचे आहेत. पूर्ण चित्र प्रत्यक्षापेक्षा थोडं उशिरा दिसतं, पण एकसंध उशीर माणसाला सहसा खटकत नाही. चेहऱ्यावरून सुटलेला चष्मा लगेच खटकतो. फिल्टरने आणलेला उशीर मात्र याने जात नाही, म्हणून इथेही तो सैलच ठेवावा.

इथे एक बारीक खाच आहे. थ्री-जेएसचं 'व्हिडिओ-टेक्श्चर' वापरून व्हिडिओ कॅनव्हासमध्ये आणला, एवढ्याने क्षण जुळत नाही. ते टेक्श्चर स्वतःहून नवी फ्रेम उचलतं, आणि ती ट्रॅकिंगने पाहिलेल्या फ्रेमच्या पुढची असू शकते. प्रत काढून ती 'कॅनव्हास-टेक्श्चर' म्हणून द्यायची आणि 'नीड्स-अपडेट' आपण सांगू तेव्हाच करायचं, तरच दोन्ही बांधलेले राहतात. प्रत इमेज-बिटमॅप म्हणून घेतली तर काम झाल्यावर ती 'क्लोज' करायला विसरू नये, नाहीतर मेमरी भरत जाते. इमेज-बिटमॅपवर वेबजीएलची (ब्राउझरच्या ग्राफिक्स यंत्रणेची) उभी उलटापालट करणारी सेटिंग लागू होत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी डोकं खाली पाय वर अशी आली तर बिटमॅप तयार करतानाच ती उलटवून घ्यावी.

फ्रेम कॉलबॅक नसलेल्या जुन्या ब्राउझरमध्ये 'रिक्वेस्ट-अॅनिमेशन-फ्रेम' वापरावं, पण व्हिडिओची चालू वेळ बदलली आहे का हे आधी पाहावं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते सेकंदाला ६० वेळा चालतं आणि कॅमेरा ३० च फ्रेम देतो, म्हणजे निम्मे हिशोब त्याच फ्रेमवर वाया जातात. मीडियापाइपला दिलेली वेळ मात्र नेहमी वाढतीच हवी. मागची वेळ दिली की ते त्रुटी देऊन थांबतं.

मग कुठली मांडणी घ्यावी

दोन थरांच्या मांडणीचा एक मोठा फायदा विसरता येणार नाही. मॉडेल लोड होताना किंवा पहिला हिशोब चालू असताना जावास्क्रिप्ट अडकते, पण व्हिडिओ घटक सहसा वाहता राहतो. एका कॅनव्हासमध्ये तेव्हा सगळंच गोठतं. म्हणून त्या मांडणीत पडदा दाखवण्याआधी एखाद्या फ्रेमवर ट्रॅकिंग एकदा चालवून घ्यावं. पहिली वेळ नेहमी जड असते.

स्टिकर, टोपी, हळू हलणारे इफेक्ट यांना दोन थर पुरेसे आहेत आणि ते लवकर उभे राहतात. लिपस्टिक, गालांचा रंग, डोळे मोठे करणं यांना मात्र एकच कॅनव्हास हवा. लिपस्टिक खरी दिसते ती ओठांच्या छटेशी रंगाचा गुणाकार झाल्यावर, आणि त्यासाठी शेडरच्या (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) हातात व्हिडिओचा पिक्सेल असावा लागतो. पारदर्शक कॅनव्हासवरून खालच्या व्हिडिओशी असा गुणाकार होत नाही. सीएसएसचा 'मिक्स-ब्लेंड-मोड' पूर्ण थराला एकच लागतो, त्यामुळे लिपस्टिकबरोबर चष्माही गुणला जातो. डोळे मोठे करायला तर व्हिडिओचेच पिक्सेल ओढावे लागतात.

एका कॅनव्हासमध्ये पार्श्वभूमी सर्वांत आधी, खोलीची तपासणी आणि नोंद दोन्ही बंद ठेवून काढायची. तिच्या टेक्श्चरला एसआरजीबी रंगावकाश सांगायचा आणि मटेरियलवरचं टोन-मॅपिंग बंद करायचं. यातलं एक राहिलं की कातडीचा रंग फिकट किंवा काळपट होतो. व्हिडिओ घटक पडद्यावर नको असला तरी त्याला 'डिस्प्ले: नन' देऊ नये. काही ब्राउझर, विशेषतः आयफोनवरचे, तशा व्हिडिओच्या फ्रेम देणं थांबवू शकतात. अपारदर्शकता शून्य करून तो कॅनव्हासच्या मागे ठेवणं सुरक्षित.

पारदर्शक कॅनव्हासवर केस, पिसं अशा अर्धपारदर्शक कडांभोवती काळी किनार दिसत असेल तर प्री-मल्टिप्लाइड अल्फाचा मेळ तपासा. ब्राउझर कॅनव्हासचे रंग आधीच अल्फाने (पारदर्शकतेच्या आकड्याने) गुणलेले आहेत असं धरतो. शेडरने तसे दिले नाहीत तर किनार उमटते.

फोटो, फोन फिरवणं आणि कॅमेरा सोडणं

दोन थरांत कॅनव्हासवरून फोटो घेतला तर त्यात फक्त चष्मा येतो, चेहरा नाही. तिसरा कॅनव्हास घेऊन त्यावर आधी व्हिडिओ आणि मग इफेक्टचा कॅनव्हास 'ड्रॉ-इमेज'ने काढावा लागतो, आणि सीएसएसने केलेला आरसा व छाटणी इथे पुन्हा हाताने करावी लागतात, कारण 'ड्रॉ-इमेज'ला सीएसएस दिसत नाही. वेबजीएलचा कॅनव्हास रेंडर झाल्यावर लगेच, त्याच फंक्शनमध्ये वाचावा. नंतर वाचला तर बफर रिकामा झालेला असतो आणि फोटोत काहीच उमटत नाही. व्हिडिओ रेकॉर्ड करायचा असेल तर एकच कॅनव्हास केव्हाही सोपा, त्याचा स्ट्रीम काढून थेट मीडिया-रेकॉर्डरला देता येतो.

फोन आडवा केला की व्हिडिओची रुंदी आणि उंची अदलाबदल होते. खिडकीच्या 'रिसाइज'वर विसंबू नका, कारण ती घटना व्हिडिओचं माप बदलण्याच्या आधीही येऊ शकते. व्हिडिओ घटकाची स्वतःची 'रिसाइज' घटना असते, कॅनव्हासचं माप आणि कॅमेऱ्याचं गुणोत्तर तिथे बदला.

चेहरा चौकटीबाहेर गेला तर शेवटच्या जागी चष्मा लटकत ठेवू नये. सुमारे २०० मिलिसेकंदांत तो विरू द्यावा. एखाद-दुसऱ्या फ्रेममध्ये चेहरा हुकला तर तेवढ्या वेळात तो परत सापडतो आणि चष्मा लुकलुकत नाही.

शेवटी कॅमेरा सोडताना व्हिडिओ 'पॉज' करून भागत नाही, कॅमेऱ्याचा दिवा चालूच राहतो. स्ट्रीममधल्या प्रत्येक ट्रॅकवर 'स्टॉप' म्हणावं आणि 'सोर्स-ऑब्जेक्ट' रिकामं करावं. एका पानाच्या अॅपमध्ये दुसऱ्या विभागात जाताना हे हमखास राहतं. पान मागे गेलं तर ट्रॅक म्यूट होऊ शकतो, परत आल्यावर तो जिवंत आहे का ते पाहावं आणि संपला असेल तर कॅमेरा नव्याने मागावा. दिवा लागलेला दिसत असेल तर वापरणाऱ्याला कुणीतरी आपल्याला पाहत आहे असंच वाटणार, मग तुमचं सगळं काम त्याच्याच उपकरणावर होत असलं तरी.